सरवा

मंडळी, जय ख्रिस्त आणि नमस्कार. ज्याला जे जवळचं वाटेल ते घ्या.

'सरवा' हा शब्द हल्ली फारसा कुणाच्या तोंडी येत नाही. पुण्यामुंबईच्या नातवंडांना तर तो मला समजावूनच सांगावा लागतो. ज्वारीची कणसं खुडून झाली, कडब्याच्या पेंढ्या बांधून झाल्या, की रानात जी चुकार कणसं पडून राहतात तो सरवा. मालकाची सुगी आटोपली की मागून गरिबाघरच्या बायका ओचा खोचून यायच्या आणि तो वेचून न्यायच्या. आमचं वैराग, सगळा बार्शी तालुकाच म्हणा, ज्वारीचा मुलूख. मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघालेली मालदांडी खाऊन आमच्या पिढ्या वाढल्या. आता खरिपात जिकडंतिकडं सोयाबीन दिसतं, पण सोयाबीन काढल्यावरही शेंगा वेचणाऱ्या बाया मी अजून बघते. म्हणजे शब्द विसरला गेला तरी सरवा काही संपलेला नाही.

हा शब्द डोक्यात घोळायला निमित्त झालं आमच्या मंडळीतल्या सुगीच्या सणाचं. (चर्चच्या लोकसमूहाला आम्ही 'मंडळी' म्हणतो. लेखाच्या सुरुवातीची मंडळी वेगळी, ही वेगळी!) कुणी त्याला हंगामाचा सण म्हणतात. त्या रविवारी प्रत्येकानं आपल्या घरचं काहीतरी आणायचं. ज्वारी, तूर, भोपळा, अंडी, कोंबडी, आणि ज्यांच्याकडं शेत नाही त्यांनी दुकानातून आणलेला साबणसुद्धा. उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव.

आमचे लिलाववाले काका एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना माणसं पुढं सरकवायची सवय. "चला, पुढं बोला, पुढं जागा मोकळीच आहे" म्हणत ते पन्नास रुपयांचा भोपळा दोनशेवर नेतात. घेणारा पैसे देतो आणि म्हणतो, "भोपळा परत मंडळीला." की पुन्हा लिलाव. एका वर्षी एकच भोपळा चार वेळा विकला गेला. पाळकसाहेब म्हणाले, या भोपळ्यानं आज आपल्यातल्या बऱ्याच सभासदांपेक्षा जास्त दान दिलं. सगळे हसले, पण मागच्या बाकावरचे जरा कमीच हसले. तुम्ही कधी पाहिलंय का, वर्गात पहिल्या बाकासाठी भांडणारी हुशार पोरं मोठी झाली की चर्चमध्ये बरोबर शेवटचा बाक धरतात!

आणि कोंबडी. मंडळीत एक म्हाताऱ्या मावशी आहेत, एकट्याच राहतात. दरवर्षी एक कोंबडी आणतात. एकदा शेवटच्या प्रार्थनेच्या वेळी कोंबडीच्या पायाची दोरी सुटली. पाळकसाहेबांचे डोळे मिटलेले, प्रार्थना देशाच्या पंतप्रधानांपर्यंत पोचलेली आणि कोंबडी पेटीखाली. सगळ्या पोरांचा एक डोळा मिटलेला, एक उघडा. बायकांच्या खांद्याला हादरे बसायला लागले. पाळकसाहेबांना वाटलं, आज मंडळीला मोठाच पाझर फुटलाय. त्यांनी प्रार्थना आणखी पाच मिनिटं लांबवली..

असो. हसण्यापुरतं हे झालं. लिलावाचा पैसा जातो कुठं, ही पुढची गोष्ट.

त्यातला एक हिस्सा आमच्या 'गरीब फंडा'त जातो. फंड अगदी लहान. त्यातून मंडळीतल्या पाचसहा निराधार म्हाताऱ्यांना महिन्याला तीनशे रुपये औषधाला मिळतात. कोंबडीवाल्या मावशी त्यांतल्याच एक. गेल्या हंगामात, ऊस तोडायला टोळ्या उतरल्या होत्या तेव्हा, एक बाई तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन बुधवारच्या प्रार्थनेच्या वेळी दारात उभी राहिली. बार्शीच्या दवाखान्यात जायला पैसे हवे होते. ती बीडकडची, मंडळीची नाही, गावाची नाही, धर्माचीही नाही. त्या दिवशी लोकांनी खिशातून काढून दिले आणि ती गेली. लेकरू बरं झालं, हेही नंतर कळलं. पण पुढच्या पंच कमिटीच्या बैठकीत प्रश्न निघाला: अशा माणसाला फंडातून देता येईल का?

खजिनदारांनी एक छापील अर्ज करून आणला होता. नाव, रेशनकार्डाची झेरॉक्स, दोन पंचांची शिफारस आणि पहिलाच रकाना, 'मंडळीचा सभासद आहे काय? वर्गणी भरली आहे काय?' हा माणूस कोरडा आहे असं कुणी समजू नये. खिशातून पैसे काढताना त्या बुधवारी पहिला हात त्यांचाच होता. त्यांचं म्हणणं साधं होतं. पैसा थोडा, मागणारे फार. दोन वर्षांपूर्वी एकजण आईच्या ऑपरेशनचं सांगून पैसे घेऊन गेला, आणि पुढच्याच आठवड्यात ती आई बाजारात भाजी घेताना दिसली. "बाई, आपल्याच म्हाताऱ्यांना पुरत नाही. नियम नसला तर उद्या काय करायचं?"

याला उत्तर सोपं नाही. मी मास्तरीण होते, नियमाशिवाय वर्ग चालत नाही हे मला ठाऊक आहे. पण अर्जाशी माझा जुना परिचय. शाळेत फी माफीसाठी ई.बी.सी.चे फॉर्म भरून घ्यावे लागत. "ज्यांची ई.बी.सी. आहे त्यांनी उभं राहा," असं वर्गात म्हणायची सर्रास पद्धत होती. उभ्या राहणाऱ्या पोरांच्या माना बघवत नसत. मी फॉर्म निबंधाच्या वहीत घालून द्यायला सांगे. सगळ्यांच्या वह्या येत, त्यात कुणाचा फॉर्म आहे ते मला कळे, शेजारच्या पोराला कळत नसे. सरकारला फॉर्म हवाच होता, तो मिळत होता. पोराला मान हवी होती, तीही राहत होती.

पुढं शाळेत धान्य आलं. १९९५ पासून महिन्याला तीन किलो तांदूळ, हजेरी ऐंशी टक्के असेल तर. तेव्हाही कोण पिशवी घेऊन जातो आणि कोण लाजतो, हे दिसायचंच. मग सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजवलेलं अन्न आलं, आणि खिचडीची पंगत बसायला लागली. पाटलाचा नातू आणि सालगड्याचा पोरगा एका ओळीत. खिचडीत कधी डाळ शोधावी लागे ते सोडा, पण ताटाला कुणाचं उत्पन्न किती हे ठाऊक नसायचं.

१९७२ च्या दुष्काळात मी बाविशीची होते, बी.ए. होऊन नुकतीच नोकरीला लागलेली. खडी फोडायला, पाझर तलावांच्या कामावर माणसांची रीघ. सुकडी वाटली जायची, रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो. चांगली शेतीवाडीची माणसं तोंडावर फडकं ओढून खडी फोडत, कुणी ओळखू नये म्हणून. त्या अनुभवातूनच महाराष्ट्रानं रोजगार हमीचा कायदा १९७७ साली केला. त्यातली मोठी गोष्ट मला ही वाटते की माणसानं काम मागायचं, भीक नाही. घेणाऱ्याचा हात पालथा राहतो.

हाताचं एवढं का सांगते? कारण आमच्यातल्या पुष्कळ घराण्यांना घेणं म्हणजे काय ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. अमेरिकन मराठी मिशनचं काम १८१३ मध्ये मुंबईला सुरू झालं, १८३१ मध्ये नगरला आलं आणि पुढं आमच्या सोलापूरकडं. बाप्तिस्मा घेणारे बहुतेक गावकुसाबाहेरचे. त्यांच्या वाट्याला खळ्यावरचं बलुतं होतं, येसकर पाळीची भाकरी होती. दारोदार जाऊन, लांब उभं राहून मागायची. गावकामाची ही वतनं १९५८ च्या कायद्यानं गेली. ते धान्य फुकटचं नव्हतं, वर्षभर राबल्याचं होतं, तरी ते भिकेसारखं टाकलं जायचं. माझे आजोबा म्हणायचे, भाकरीची चव टाकणाऱ्याच्या हातावर असते. म्हणून आमच्या मंडळीत कुणी अर्जाचा रकाना काढला की मला आधी तो हात आठवतो.

बैठकीत मी एवढं सगळं बोलले नाही. निवृत्त शिक्षकाला बोलू दिलं तर तास संपत नाही, हे आमच्या पंचांना माहीत आहे. मी फक्त म्हटलं, पवित्र शास्त्रात सरव्याविषयी काय सांगितलंय ते एकदा काढून बघू.

लेवीय आणि अनुवाद या दोन्ही पुस्तकांत तो नियम आहे. शेत कापताना कोपरे सोडा. पडलेलं वेचायला परत जाऊ नका. एखादी पेंढी विसरली तर तीही राहू द्या. कुणासाठी? विधवा, अनाथ आणि त्यांच्या जोडीला परका, बाहेरून आलेला. म्हणजे 'सभासद आहे काय' हा रकाना तिथं मुळातच नाही. उलट जो सभासद नाही त्याचं नाव मुद्दाम घातलंय. हे दान नव्हतं, तो शेताचा कायदा होता. कोपरा मालकाचा नव्हेच.

आणि रूथची गोष्ट तर प्रत्येक शब्बाथ शाळेत सांगतात. रूथ मवाबी, परदेशी, विधवा. सासूला घेऊन बेथलेहेमला आलेली. बवाजाच्या शेतात सरवा वेचायला जाते. लहानपणापासून ऐकलेल्या या गोष्टीतला एक तपशील मला म्हातारपणी जास्त भावतो. बवाज आपल्या गड्यांना हळूच सांगतो की पेंढ्यांतून थोडं मुद्दाम गळू द्या, आणि तिला दरडावू नका. तो तिला सरळ पोतंभर सातू देऊ शकला असता. पण त्यानं तिला वेचू दिलं. संध्याकाळी झोडपून काढलेलं धान्य तिनं घरी नेलं ते स्वतःच्या कष्टाचं. यापेक्षा शहाणी दया मी तरी वाचलेली नाही.

माणसांचे कायदे मात्र नेहमी असे नसतात. १७८८ साली इंग्लंडात एका बाईवर सरवा वेचल्याबद्दल खटला झाला, आणि न्यायालयानं सांगितलं की गरिबाला असा कुठला हक्क नाही. तिकडं फ्रान्समध्ये मिले नावाच्या चित्रकारानं १८५७ मध्ये तीन वाकलेल्या बायांचं चित्र काढलं, मागं मालकाच्या गंजी आणि पुढं या तिघी मातीत बोटं घालून. नातवानं मला ते मोबाईलवर दाखवलं. लुगडी तेवढी वेगळी, पाठी अगदी आमच्या बायांच्या.

आपल्याकडं जे मोठे होऊन गेले त्यांनी रकाना कधी पाहिला नाही. पंडिता रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात थेट मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायका घेऊन आल्या, केडगावचं मुक्ती सदन त्यातूनच वाढलं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागानं निघाली. ती वाचताना हसून हसून पुरेवाट होते, आणि हसता हसता लक्षात येतं की या बाईच्या घरात कधी फक्त घरचीच माणसं जेवली नाहीत. टिळकांनी कुणालाही हाताला धरून आणायचं आणि चूल लक्ष्मीबाईंनी सांभाळायची. आपल्या पंढरपुरात तर १८७५ पासून टाकलेल्या लेकरांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उभं आहे, आणि ती कुणाची लेकरं हे विचारायचं नाही हाच त्याचा पाया. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुष्टिफंडात घरोघरची बाई दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढायची आणि त्यावर बोर्डिंगातली सगळ्या जातींची पोरं जेवायची. दूर मिझोरामच्या चर्चमध्येही बायका रोज स्वयंपाकाआधी तांदळाची एक मूठ अशीच बाजूला ठेवतात. सातारा आणि मिझोराम कधी भेटले नसतील, पण मूठ सारखीच.

२०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, साहित्य संमेलन भरलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष. ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष होण्याची ती पहिलीच वेळ. नगरीला नाव तेरच्या गोरोबाकाकांचं. अंगात दुखणं असताना ते आले होते. मांडवातल्या त्या गर्दीत त्यांना कुणाचे म्हणायचं, आमचे की तुमचे, हा प्रश्न मला पडला नाही. ते मराठीचे होते. २०२४ च्या जुलैत ते गेले. परका आणि आपला या रकान्यांच्या मध्ये उभं राहून दोन्हीकडचं बोलणारं असं माणूस थोडंच मिळतं.

तर बैठक. शास्त्र वाचून झालं, तरी खजिनदारांचा हिशेब जागच्या जागी होता, आणि तो खराही होता. बाहेरच्याला द्यायचं तर आतल्याचं कमी होणार. पोतं एकच. शास्त्र वाचल्यानं पैसे वाढत नाहीत. सगळे गप्प. तेवढ्यात दाराशी बसलेल्या कोंबडीवाल्या मावशी बोलल्या. त्या पंच नव्हेत, चहा द्यायला आल्या होत्या.

"आवं बाई, म्या कोंबडी दिली तवा तिला इचारलं का कुनी, तू कुनाच्या ताटात जानार म्हनून? माझ्यातलं पन्नास कमी करा. पर त्या बाईचा फोटू काढू नका."

हे शेवटचं वाक्य वर्मी लागलं. कारण मागच्या नाताळात ब्लँकेटं वाटली तेव्हा एकेका म्हातारीला ब्लँकेटाचं टोक धरून उभं केलं होतं. दुसरं टोक धरायला सात माणसं. फोटोत ब्लँकेट दिसतं, सात माणसं दिसतात, म्हातारी शोधावी लागते. आमच्या मावशी त्या फोटोत होत्या. कुणी काही बोललं नाही. चहा मात्र सगळ्यांनी मुकाट्यानं घेतला.

शेवटी ठरलं ते असं. नेहमीच्या मदतीला अर्ज राहील, पण वर्गणीचा रकाना काढायचा. आणि लिलावातली शेवटची टोपली बाजूला ठेवायची. तिच्यात जे येईल ते दारात येणाऱ्या कुणासाठीही. नाव नाही, सही नाही, फोटो नाही. मंडळीतल्या दोन बाया ते सांभाळतील आणि जमेल तिथं रोख न देता बरोबर जाऊन तिकीट काढून देतील, औषध आणून देतील. फसलो तर त्या टोपलीपुरतेच फसू. मावशींचे पन्नास कमी करायचे नाहीत यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. मावशींचं सोडून. त्या दर महिन्याला तीनशे घेतात आणि पन्नासची नोट तिथल्या तिथं टोपलीत टाकतात. खजिनदारांना ती खर्चात आणि जमेत दोन्हीकडं लिहावी लागते, म्हणून ते वैतागतात.

त्यानंतर फसलो का? हो, एकदा नक्की. एकानं गावी जायचं तिकीट काढून घेतलं आणि पुढच्याच थांब्यावर उतरला. आमच्या कंडक्टरकाकांना जुन्या खात्यातून बातमी लागली. त्यांना राग आला तो फसवणुकीचा नव्हे, पूर्ण तिकिटावर एकच टप्पा प्रवास केल्याचा!

पण त्याच टोपलीतून एका बाईचं बाळंतपण पार पडलं, दोन पोरांना वह्या मिळाल्या, आणि एका वाटसरू म्हाताऱ्याला चपला. त्यांची नावं मला ठाऊक नाहीत, असती तरी इथं लिहिली नसती. हे सगळं मिळून रक्कम अशी कितीशी? एका लग्नाच्या मांडवातल्या फुलांइतकीही नाही. यानं गरिबी हटत नाही, हे मला समजतं. ती हटवायला सरकार हवं, पाऊस हवा, उसाला आणि तोडणाऱ्याला भाव हवा. सरव्यानं कुणी श्रीमंत झालं नाही. पण सरवा सोडणारं शेत आणि न सोडणारं शेत ही दोन वेगळी शेतं आहेत, आणि आपण कुठल्या बांधावर उभे आहोत हे ज्यानंत्यानं बघायचं.

आता हिशेबतपासणीची गंमत सांगून थांबते. खजिनदारांनी वहीत त्या टोपलीचं खातं 'सरवा' या नावानं टाकलं. तपासायला आलेला हिशेबनीस तरुण, सोलापूर शहरातला. त्यानं विचारलं, "हे सरवा कोण? यांची पावती नाही." खजिनदार माझ्याकडं बघायला लागले. मी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि तास घेतला. चाळीस मिनिटं. जाताना त्यानं वहीवर टिकमार्क केला आणि खिशातून शंभराची नोट काढून विचारलं, "बाई, याची तरी पावती मिळेल ना?"

त्याला सांगितलं, नाही.